क्लासिक ड्रॅग कारसाठी हलका डॅशबोर्ड: पुठ्ठ्याच्या साच्यापासून वायरिंगपर्यंत

ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीत, एक ठोकताळा सगळ्यांच्या तोंडी असतो: गाडीचं वजन १०० पौंडांनी, म्हणजे साधारण ४५ किलोंनी उतरलं की पाव मैलाच्या धावेत सेकंदाचा अंदाजे दहावा भाग वाचतो. हाच हिशोब डॅशबोर्डला लावून बघा. मूळ लोखंडी डॅशबोर्ड, हीटर, रेडिओ, ग्लोव्ह बॉक्स आणि जुन्या वायरिंगचा गुंता मिळून १० किलो निघाले असं धरलं, तरी वाचतात जेमतेम दोन शतांश सेकंद. त्यामुळे निव्वळ वजनासाठी एवढी उठाठेव करत असाल, तर आधी सीट, बॅटरी आणि काचांकडे वळा.

माझ्या मते नवा डॅशबोर्ड करायची खरी कारणं दोन. ड्रायव्हरला हवी ती गोष्ट एका नजरेत दिसली पाहिजे, आणि दोन धावांच्या मधल्या वेळात अख्खा डॅशबोर्ड काढून मागच्या वायरिंगपर्यंत हात गेला पाहिजे. वजन वाचतंच, पण ते वरकड. पुढे प्रत्येक ठिकाणी निवड करताना मी याच दोन कसोट्या लावल्या आहेत.

जुनं उचकटण्याआधी

कटर हातात घेण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, तुमच्या क्लासचं, म्हणजे शर्यतीतल्या गटाचं नियमपुस्तक. काही क्लासमध्ये मूळ डॅशबोर्ड आणि आतली सजावट तशीच ठेवावी लागते. शंका असेल तर टेक्निकल इन्स्पेक्टरला आधीच विचारा. पत्रा कापून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

दुसरी, गाडीच्या नंबरची पट्टी. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या अमेरिकी गाड्यांमध्ये व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची पट्टी डॅशबोर्डच्या वरच्या भागावर, ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसेल अशी असते. ती काढणं किंवा हलवणं अमेरिकेत कायद्याच्या भानगडीत पाडू शकतं. पट्टी ज्या पत्र्यावर आहे तेवढा भाग जागच्या जागी ठेवा आणि नवा डॅशबोर्ड त्याच्याभोवती आखा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक जुन्या गाड्यांत स्टिअरिंग कॉलम डॅशबोर्डच्या खालच्या कडेलाच टांगलेला असतो. मूळ डॅशबोर्ड गेला की कॉलमचा आधार गेला. एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा तो भार पेलणार नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये. कॉलमसाठी रोल केजच्या (ड्रायव्हरभोवतीच्या संरक्षक नळ्यांच्या पिंजऱ्याच्या) आडव्या नळीवरून किंवा काउलच्या (समोरच्या काचेखालच्या बॉडीच्या) मजबूत भागावरून स्वतंत्र लोखंडी ब्रॅकेट आधी करा, स्टिअरिंग हाताने वर-खाली जोरात हलवून बघा, आणि ते जराही हलत नाही अशी खात्री पटल्यावरच पुढे जा.

चौथी, मूळ डॅशबोर्ड काउलला आणि दोन्ही बाजूंच्या खांबांना बांधून ठेवत होता का, हे पाहा. गाडीत नीट केज असेल तर हे काम केज करतो. केज नसेल तर मूळ डॅशबोर्डचा सांगाडा ठेवून फक्त दर्शनी भाग बदलणं शहाणपणाचं.

काढलेला प्रत्येक भाग, स्क्रूसकट, वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा. नाहीतर नंतर सगळे अंदाजच.

पत्रा कोणता

डॅशबोर्डची रुंदी १४०० मिमी आणि कडा उलगडून एकूण उंची ३०० मिमी धरू. क्षेत्रफळ झालं ०.४२ चौरस मीटर. एवढ्या आकाराचा ०.८ मिमीचा लोखंडी पत्रा भरतो सुमारे २.६ किलो, १ मिमीचा ॲल्युमिनियम १.१ किलो, १.६ मिमीचा ॲल्युमिनियम १.८ किलो, आणि १.५ मिमीचं कार्बन फायबर जवळपास १ किलो.

शेवटचे आकडे पुन्हा वाचा. ॲल्युमिनियमऐवजी कार्बन घेतलं तर हातात येतात दीडशे ग्रॅमच्या आसपास. त्यासाठी साचा, रेझिन आणि कापताना उडणारी धूळ, एवढा सगळा ताप. शिवाय १९६० च्या दशकातल्या गाडीत कार्बनची चकचकीत वीण विजोड दिसते. ॲल्युमिनियमच घ्या.

ॲल्युमिनियममध्ये ५०५२-एच३२ हा प्रकार या कामाला सगळ्यात सोयीचा: ताठ राहतो, तरी वाकवताना तडकत नाही. ३००३ मऊ असतो, हाताने आकार द्यायचा असेल तर बरा, पण पोचेही लवकर पडतात. ६०६१-टी६ मजबूत म्हणून लोक घेतात आणि पहिल्याच घट्ट बाकावर, म्हणजे वाकवलेल्या रेषेवर पत्रा चिरतो. त्याला मोठी त्रिज्या द्यावी लागते, आणि डॅशबोर्डला ती मजबुती लागतही नाही.

जाडीचा मोह आवरा. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे १.६ मिमीचा पत्रा १ मिमीपेक्षा चौपट ताठ. पण वर-खाली २५ मिमीची कड वाकवली तर १ मिमीचाच पत्रा त्याहून कितीतरी ताठ होतो, आणि वजनात पडणारी भर किरकोळ. मीटर बसतात त्या भागाला मागून एक पट्टी रिव्हेट केली की काम झालं.

आधी बसा, मग आखा

मीटर कुठे बसवायचे हे टेबलावर ठरवू नका. ड्रायव्हरने हेल्मेट, हातमोजे आणि मानेचा आधार घालून, हार्नेस (शर्यतीचे सीटबेल्ट) शर्यतीत आवळतात तितका आवळून सीटवर बसायचं आणि हात पुढे करायचा. खांदे पट्ट्यांनी जखडले की हात बराच आखूड पडतो. बोटं कुठवर पोचतात ते बाहेरून दुसऱ्या माणसाने टेप चिकटवून नोंदवायचं. हेल्मेटची हनुवटीकडची बाजू खालचा बराच भाग झाकते, तीही रेषा नोंदवा. त्या रेषेखाली ठेवलेलं मीटर धावेत नसल्यासारखंच.

मग प्रत्येक वस्तूबद्दल विचारा: ही कधी बघायची आहे? दहा सेकंदांच्या आसपास संपणाऱ्या धावेत ड्रायव्हरला डॅशबोर्डकडे बघायला वेळ नसतो. गिअर बदलायचा इशारा देणारा शिफ्ट लाइट आणि ऑइल प्रेशर पडल्याचा लाल दिवा, एवढंच. हे दोन्ही काचेच्या रेषेत, नजर खाली न करता दिसतील असे लावा. टॅकोमीटरही शक्य तितका वर. पाण्याचं तापमान, फ्युएल प्रेशर, व्होल्टेज ही मीटरं बर्नआउटच्या (टायर तापवण्यासाठी ते जागीच फिरवण्याच्या) आधी आणि लाइनवर उभं राहताना बघायची असतात. त्यांना मधली किंवा बाजूची जागा पुरते.

मीटर बसवताना ते फिरवून असे लावा की सगळं ठीक असताना प्रत्येकाचा काटा सरळ वर, घड्याळातल्या बाराकडे असेल. आकडे तिरके दिसतील, दिसू देत. चार काटे एका दिशेला आणि पाचवा कलंडलेला, हे डोळ्याला न वाचता कळतं. ही जुनी युक्ती अजूनही कुठल्याही महागड्या डिस्प्लेच्या तोडीची आहे.

स्विच वापराच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे: इग्निशन, फ्युएल पंप, वॉटर पंप, पंखा आणि शेवटी स्टार्टरचं बटण. सगळे वर केल्यावर चालू, खाली केल्यावर बंद. इग्निशनचा स्विच दोन्ही हातांना सापडेल असा हवा आणि ओळीत पहिला असला तरी त्याच्या नि पुढच्या स्विचच्या मध्ये मोकळी जागा हवी. गाडी जागेवर रोखून धरणाऱ्या ट्रान्सब्रेक आणि लाइन लॉकची बटणं डॅशबोर्डवर कधीच नकोत. त्यांची जागा स्टिअरिंगवर किंवा शिफ्टरवर.

पुठ्ठ्याचा साचा

जाड पुठ्ठा घ्या आणि तीन तुकड्यांत काम करा: डावा, मधला, उजवा. एका अखंड पुठ्ठ्याने काउलची वळणं पकडायला गेलात की दमछाक होते. प्रत्येक तुकडा काचेच्या खालच्या कडेजवळ धरा, कंपासचं एक टोक काउलवर टेकवून दुसऱ्या टोकाच्या पेन्सिलने वळण पुठ्ठ्यावर उतरवा, कापा, पुन्हा लावून बघा. तिन्ही तुकडे जागेवर बसले की टेपने जोडा.

गाडी डावी-उजवी सारखी असेल असं गृहीत धरू नका. पन्नास-साठ वर्षांच्या बॉडीत, त्यातही केज वेल्ड झाल्यावर, दोन्ही बाजूंत काही मिलिमीटरचा फरक सहज निघतो. अर्धा साचा करून उलटवण्याचा आळस इथे भोवतो.

काउल आणि दरवाज्यांपासून ३-४ मिमीची फट ठेवा. लॉन्चच्या, म्हणजे लाइनवरून सुटण्याच्या वेळी बॉडी पिळवटते. फट नसेल तर कडा घासतात आणि करकर सुरू होते. मीटरचे गोल पुठ्ठ्याचेच कापून साच्यावर चिकटवा आणि ड्रायव्हरला पुन्हा पूर्ण पोशाखात बसवा. मीटरच्या मागची खोली, वायपरची मोटर आणि केजची आडवी नळी हेही आत्ताच तपासा. पुठ्ठ्यातली चूक फुकटात दुरुस्त होते.

कापणं, भोकं, वाकवणं

आता क्रम पाळा: बाहेरचा आकार थोडा मोठा कापायचा, भोकं पाडायची, भोकांच्या कडा दाबायच्या, बीड रोल (पत्रा ताठ करणारी उठावाची रेघ) करायची असेल तर करायची, मग अंतिम आकार कापायचा आणि सगळ्यात शेवटी वाकवायचं. बीड रोलर पत्रा स्वतःकडे ओढतो आणि कडा सरकतात, म्हणून सुरुवातीला चारी बाजूंनी १० मिमी जास्त ठेवा.

आखणीत एक पथ्य आहे. जिथे कापायचं तिथे स्क्राइबरने (टोकदार सुईने) रेघ ओढा, पण जिथे वाकवायचं तिथे फक्त मार्कर वापरा. बाकाच्या रेषेवरचा बारीक ओरखडासुद्धा पुढे तडा सुरू व्हायला पुरतो. पत्र्यावर रोलिंगच्या पुसट रेषा दिसतात. बाक शक्यतो त्यांना आडवा येऊ द्या.

वाकवताना लांबीचा हिशोब करावा लागतो. १ मिमी पत्रा, आतली त्रिज्या १.५ मिमी आणि ९० अंशांचा बाक असेल तर प्रत्येक बाकामागे सुमारे २ मिमी वजा करायचे. समजा दर्शनी भाग २५० मिमी आणि वर-खाली २५ मिमीच्या कडा, सगळी मापं बाहेरून. बेरीज ३०० मिमी, बाक दोन, म्हणून सपाट पत्रा २९६ मिमी. टाकाऊ तुकडा आधी वाकवून तुमच्या मशीनवर हा आकडा नेमका किती येतो ते मोजा. पत्रा सुटला की थोडा मागे येतो, त्यामुळे दोन-तीन अंश जास्त वाकवा.

छोट्या मीटरांना साधारण ५२ मिमीचं भोक लागतं, कारण त्यांचा प्रचलित आकार २ १/१६ इंचांचा. नेहमीच्या टॉगल स्विचला १२ मिमी. तरी हातातल्या वस्तूचं माप व्हर्नियरने घेतल्याशिवाय भोक पाडू नका. होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) वापरताना पत्र्याखाली प्लायवुड घट्ट क्लॅम्प करा, ड्रिलचा वेग कमी ठेवा, दातांना थोडं केरोसीन किंवा मेण लावा. कोरडं चालवलंत की ॲल्युमिनियम दातांत चिकटतं, होल सॉ थरथरते आणि भोक अंडाकृती होतं. भोक एक मिमी लहान पाडून अर्धगोल कानशीने मापाला आणणं हा खात्रीचा मार्ग. काठावरचा बर्र (कापताना उरलेली धारदार कड) दोन्ही बाजूंनी काढा. बोट फिरवल्यावर काहीच अडकता कामा नये.

आता वजन कमी करायच्या भोकांबद्दल. १९६३ मध्ये पॉन्टिॲकने मोजक्या कॅटॅलिना गाड्यांच्या चासीला भोकं पाडून वजन उतरवलं आणि त्या गाड्या ‘स्विस चीज’ या नावानेच ओळखल्या जाऊ लागल्या. पण ते जाड पोलादी चासीचं काम होतं. १ मिमी ॲल्युमिनियममध्ये ३८ मिमीचं एक भोक पाडलं की निघतात ३ ग्रॅम. वीस भोकांचे ६० ग्रॅम. वजनासाठी हे काम करू नका. डिंपल डायने कड आत दाबलेलं भोक मात्र पत्र्याला ताठ करतं, आणि त्या काळाच्या गाडीला शोभूनही दिसतं. मीटरांपासून दूरच्या मोकळ्या भागात पाच-सहा पुरेत.

रिव्हेटचं भोक कडेपासून त्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत हवं, म्हणजे ३.२ मिमीच्या रिव्हेटला निदान ६.५ मिमी. कायमचे रिव्हेट मारण्याआधी सगळे तुकडे क्लेकोंनी (भोकात बसणाऱ्या, काढता येणाऱ्या पिनांनी) तात्पुरते जोडून गाडीत लावून बघा.

खालची कड ड्रायव्हरच्या गुडघ्यांसमोर येते. ती उघडी ठेवू नका. पत्रा स्वतःवरच दुमडा किंवा नळीसारखी गोलाई द्या. निव्वळ रबरी पट्टी चढवून धार झाकणं हे टाळाटाळीचं काम. पट्टी निघते आणि धार उरते.

बसवणं

डॅशबोर्डच्या फिटिंगसाठी केजच्या नळीला भोक पाडायचं नाही, कितीही लहान असलं तरी. नळीभोवती क्लॅम्प लावा, किंवा नियमात बसत असेल तर वेल्डरकडून छोटे टॅब लावून घ्या. क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा) केज असेल तर हे काम टिग वेल्डिंग जाणणाऱ्याकडूनच.

डॅशबोर्ड केजला आणि बॉडीला, दोन्हीकडे घट्ट आवळला तर काही धावांतच फिटिंगच्या भोकांपाशी तडे जातात, कारण दोन्ही वेगवेगळे हलतात. भार केजवर द्या आणि काउलकडची भोकं लांबट करून रबरी वॉशरसह सैलसर ठेवा. पाव फेऱ्यात सुटणारे झूस फास्टनर इथे पैसे वसूल करतात: खाली तीन, बाजूंना एकेक, आणि वर दोन खाचा ज्यांत पत्रा नुसता अडकतो. एका हातात टॉर्च असतानाही डॅशबोर्ड उतरला पाहिजे.

रंग

वरचा पृष्ठभाग मॅट काळाच हवा, नाहीतर दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि स्टार्टिंग लाइनवरचे दिवे नीट दिसत नाहीत. दर्शनी भाग तुमच्या आवडीचा. सुरकुत्या पडणारा काळा रंग जुन्या गाडीत छान दिसतो आणि रिव्हेटही लपवतो, पण तो जाड बसतो. स्विचची भोकं नंतर पुन्हा साफ करावी लागतात. कुठलाही रंग देण्याआधी ॲल्युमिनियम घासून, पुसून, सेल्फ-एच (धातूला धरून बसणारा) प्रायमर द्या, नाहीतर पापुद्रे सुटतील.

वायरिंग

डॅशबोर्डचा पत्रा अर्थिंगसाठी वापरू नका. रंग, रबर आणि झूस फास्टनर यांतून जाणारी अर्थ भरवशाची नसते, आणि मग काटे उगाच नाचत बसतात. प्रत्येक मीटरची अर्थ वायर एका पट्टीवर आणा आणि तिथून एकच जाड वायर चासीला.

डॅशबोर्डच्या सगळ्या वायर लॉकिंग मल्टिपिन कनेक्टरमधून जाऊ देत. कनेक्टर एकाहून जास्त असतील तर त्यांची पिनसंख्या वेगवेगळी घ्या, म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही. डॅशबोर्ड काढून स्टिअरिंगवर टेकवता येईल एवढी वायर मोकळी ठेवा. दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावा. टर्मिनल चांगल्या टूलने क्रिंप करा (दाबून बसवा), सोल्डर करू नका. सोल्डर वायरच्या तारांत चढतं, तिथे ती कडक होते, आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते.

पंप आणि पंख्याचा करंट स्विचमधून नेऊ नका; स्विचने फक्त रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा विद्युत स्विच) चालवायचा. रिले आणि फ्यूज डॅशबोर्डवर न ठेवता पायाजवळच्या बाजूच्या पत्र्यावर ठेवले की डॅशबोर्ड हलका राहतो आणि फ्यूज बदलायला काहीच काढावं लागत नाही. टॅकोमीटरची सिग्नल वायर कॉइल आणि प्लगच्या वायरींपासून लांबून न्या. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) असलेल्या जुन्या इंजिनात मात्र स्विच उलटा चालतो: मॅग्नेटो अर्थ केल्यावर इंजिन बंद होतं. ती वायर तुटली तर इंजिन बंद होणारच नाही, म्हणून तिला स्वतंत्र, नीट झाकलेला मार्ग द्या आणि तिथे नेहमीचा इग्निशन स्विच जसाच्या तसा जोडू नका.

पेट्रोलची नळी आत आणायची नाही. फ्युएल प्रेशर मीटर इलेक्ट्रिक घ्या, किंवा आयसोलेटर (पेट्रोल आत न आणता फक्त दाब पोचवणारा भाग) असलेलं मेकॅनिकल. ऑइल प्रेशरचं मेकॅनिकल मीटर लावायचंच असेल तर बारीक प्लॅस्टिकची नळी टाळून स्टीलची वीण असलेली घ्या. गरम ऑइलचा फवारा पायांवर आला तर धाव तिथेच संपते, पुढचं सांगायला नको. फायरवॉलमधून (इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पत्र्यातून) जाणाऱ्या प्रत्येक वायरीला ग्रोमेट (रबरी कडं), आणि उरलेली जुनी भोकं पत्रा रिव्हेट करून बंद. उघड्या भोकातून आग आत यायला वेळ लागत नाही.

तपासणी

डॅशबोर्ड लावून तळहाताने ठिकठिकाणी थोपटा. जिथे पत्रा डब्यासारखा वाजेल तिथे मागून पट्टी हवी. मग इंजिन चालू करून आयडलवर आणि थोड्या वरच्या आरपीएमवर काटे थरथरतात का पाहा. काळोखात दिवे लावून शिफ्ट लाइट डोळे दिपवतो का तेही बघा. अनेकदा त्याचा प्रकाश कमी करावा लागतो. शेवटी ड्रायव्हरला डोळे मिटून प्रत्येक स्विच शोधायला लावा. गाडीत धूर भरला तर त्याला तसंच शोधावं लागणार आहे.

पहिल्या काही धावांनंतर दर वेळी झूस, मीटरचे क्लॅम्प आणि बाकांचे कोपरे टॉर्चने तपासा. कुठे केसाएवढा तडा दिसला तर त्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे तो पुढे सरकणार नाही, मागून पॅच रिव्हेट करा, आणि तिथला कुठला बोल्ट डॅशबोर्डला बॉडीशी जखडून ठेवतोय ते शोधून त्याचं भोक लांबट करा.